शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटतो, पाणी पाजलं की सुधारतो, पुन्हा तेच : विदर्भाच्या उन्हाळ्यात काय तपासायचं

मार्च संपत आला की एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते. "भाऊ, शॅमेलिऑन दिवसा डोळे मिटून बसते. ड्रॉपरनं पाणी पाजलं की दोन दिवस बरं राहते, मंग पुन्हा तसंच. काऊन होत असन?" फोन आर्वीकडचा असो, पुसदचा असो की दर्यापूरचा, कहाणीत फरक नसतो. पाणी पाजल्यावर प्राणी सुधारतो म्हणजे दुखणं पाण्याचंच, इथवर सगळ्यांचं निदान बरोबर असतं. गडबड पुढे होते. लोक दिवसाचं पाणी वाढवत सुटतात आणि भानगड असते रात्रीची.

खाली जे लिहिलंय ते वेल्ड शॅमेलिऑनबद्दल आहे. डोक्यावर उंच कलगी असलेला, रंग बदलणारा सरडा, मूळचा येमेन आणि सौदी अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. पाळणाऱ्यांकडे बहुतेक हाच दिसतो. आपल्या धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीवर हळूहळू डुलत चालणारा हिरवा घोयरा सरडा हा त्याच कुळातला, पण तो पाळायचा प्राणी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली तो संरक्षित आहे आणि त्याला घरात ठेवणं गुन्हा आहे. पोरांनी पकडून आणला असेल तर यातलं काहीही करत बसू नका, जिथून आणला तिथल्याच झाडावर सोडून या. जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आणि तो विषारी नाही, त्याच्या फुसफुसण्यानं कोणाला काही होत नाही, हे शेजारच्या काकांनाही सांगून ठेवा. या समजुतीपायी दरवर्षी कितीतरी घोयरे काठीखाली जातात.

वेल्डचेही कागद लागतात. शॅमेलिऑन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादी आपल्या वन्यजीव कायद्यात आली आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. जन्म, मृत्यू, हस्तांतर, सगळं. "बिल नाही, पण प्राणी एकदम कडक आहे" असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. शिवाय माझं मत विचाराल तर विदर्भातल्या खेड्यात पहिलाच पाळीव प्राणी म्हणून शॅमेलिऑन घेऊच नये. पण हे वाचणाऱ्यानं तो आधीच घेतलेला असतो, तेव्हा कामाचं बोलू.

आधी डोळा बघा, मग शी

शॅमेलिऑनचा डोळा म्हणजे बाहेर आलेला शंकू, टोकाला बारीकसं भोक, आणि दोन्ही डोळे आपापल्या दिशेनं फिरणारे. धडधाकट प्राण्याचा हा शंकू भरलेला असतो आणि दिवसभर एक तरी डोळा फिरताच असतो. पाणी कमी पडलं की शंकू आत बसतो, भोवती खळगा पडतो, कलगीच्या दोन्ही बाजूही खपाटीला जातात. हे झालं कोरडेपणाचं.

डोळा आत न जाता बाहेर सुजला असेल, चिकट झाला असेल, किंवा एकच डोळा मिटलेला असेल, तर तो वेगळा मामला आहे. डोळ्यात काही गेलेलं असतं, जंतुसंसर्ग असतो किंवा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते. तिथे या लेखातले निम्मे उपाय लागू पडत नाहीत, डॉक्टर गाठा. आणि संध्याकाळी झोपायच्या आधी तो कधीकधी डोळा फुग्यासारखा फुगवून फांदीला घासतो. नवे लोक त्याचा व्हिडिओ काढून घाबरेघुबरे होऊन पाठवतात. तो डोळा साफ करत असतो, करू द्या.

रात्री दिवे गेल्यावर डोळे मिटणं, रंग फिका पडणं, शेपटीची गुंडाळी होणं ही झोप. दिवे चालू असताना डोळे मिटणं ही झोप कधीच नसते. यात अपवाद नाही.

डोळ्यापेक्षा खरं बोलते ती शी. काळपट गोळीच्या टोकाला एक पांढरा भाग असतो, तो युरेट. लघवीच्या जागी शॅमेलिऑन हेच टाकतो. टॉयलेट पेपरवर घेऊन काडीनं दाबून बघा. पांढरा, ओलसर, लोण्यासारखा पसरला तर पाणी पुरतंय. कडेला थोडीशी पिवळी झाक असली तरी चालतं. सगळाच भाग गडद पिवळा किंवा केशरी, कोरडा, दाबल्यावर कण सुटणारा निघाला तर प्राणी बरेच दिवस तहानलेला आहे, मग तुम्ही काल किती का पाजलं असेना. डोळा पाण्यानं तासाभरात भरून येतो आणि माणसाला वाटतं झालं काम. युरेट मात्र एवढ्या लवकर फसत नाही. म्हणून सुधारणा मोजायची ती युरेटवर.

पाणी जातं कुठे

येमेनचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वाळवंट येतं. हा प्राणी राहतो तो डोंगरउतारांवर आणि दऱ्याखोऱ्यांत, जिथे पाऊसही पडतो आणि झाडोराही असतो. दिवसा हवा कोरडी असली तरी रात्र थंड असते, धुकं उतरतं, पहाटे पानांवर दव असतं. रात्रभर तो थंड, दमट हवेत श्वास घेतो, त्यामुळे अंगातलं पाणी टिकतं. सकाळी पान चाटतो, झालं त्याचं पाणी पिणं.

आता आपली मे महिन्यातली रात्र घ्या. दुपारी ४५ अंश ही बातमीसुद्धा होत नाही. २३ मे २०१३ ला नागपूर ४७.९ वर गेलं होतं, तेव्हा झाली होती. त्यात नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ तापलेले दिवस, लागला की स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री बाराला तव्यासारखा खोलीत सोडत बसतो. बाहेर अंगणात बाज टाकून झोपलेल्या माणसाला पहाटे गोधडी ओढावीशी वाटते, आणि आत पिंजऱ्यात ३३ अंश. हवेतली आर्द्रता दुपारी २० टक्क्यांच्या आसपास असते, स्लॅबखालच्या बंद खोलीत रात्रीही फार वाढत नाही. अशा हवेत बारा तास झोपलेला शॅमेलिऑन प्रत्येक श्वासाबरोबर पाणी गमावतो. दिवसा पाजलेलं रात्री गेलं, दुसऱ्या दिवशी तूट, तिसऱ्या दिवशी डोळे आत. तुमचा "दोन दिवस बरा" इथून येतो.

हे पटवून घ्यायचं असेल तर किमान-कमाल आकडा लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर-आर्द्रतामापक आणा. स्वस्तात मिळतो. तो भिंतीला टांगू नका, प्राणी ज्या फांदीवर झोपतो तिच्याजवळ बांधा. सकाळी उठल्याबरोबर रात्रीचं किमान तापमान आणि कमाल आर्द्रता वहीत लिहा. चार-पाच सकाळचे आकडे समोर ठेवले की बहुतेकांना मला पुन्हा फोन करावा लागत नाही.

पुस्तकी आकडा सांगायचा तर रात्री १८ ते २१ अंश. एसी नसलेल्या घरात मे महिन्यात हे होत नाही, त्यामुळे त्याच्या मागे लागून हताश होऊ नका. २५-२६ पर्यंत उतरवा, आर्द्रता ७० च्या पुढे न्या आणि हवा खेळती ठेवा, उन्हाळा निघून जातो. यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी गार, मग ओलं. गरम खोलीत नुसतंच फवारत बसलात तर पिंजऱ्याचं भपारं होतं आणि डोळे सुधारले तरी छातीचं दुखणं मागे लागतं.

कूलर, आणि तो कुठे

आपल्याकडचा साधा कूलर हे या कामाचं सर्वांत चांगलं यंत्र आहे. हवा जितकी कोरडी तितका तो जास्त गार करतो, आणि गार करताकरता हवा ओलीही करतो. दोन्ही गोष्टी एकदमच हव्या असतात. मुंबईच्या माणसाला ही सोय नाही.

कूलर खिडकीत असावा, हवा बाहेरून घ्यावी, आणि समोरची खिडकी किंवा दार बोटभर तरी उघडं असावं. नाहीतर खोली नुसती दमट होते, गार होत नाही. पिंजरा झोताच्या सरळ रेषेत ठेवायचा नाही. रात्रभर थेट वारा अंगावर आला तर तो उलट सुकतो. झोत भिंतीला आपटून वळतो त्या कोपऱ्यात ठेवा. कोपरा नीट आहे का, हे बघायला पिंजऱ्यात एक बारीक दोरा टांगा. दोरा हलकासा डुलायला हवा, उडायला नको.

पिंजरा जाळीचा, उभा, आणि वरच्या फांद्या तुमच्या डोळ्यांच्या उंचीला येतील असा ठेवा. जमिनीवर ठेवलेल्या पिंजऱ्यातला प्राणी माणूस दिसला की काळवंडतो. एप्रिल-मेमध्ये चारही बाजूंची जाळी उघडी ठेवली तर ओल टिकत नाही, म्हणून मागची आणि एक बाजू झाका. रात्री एका बाजूला ओला बारदाना टांगला तरी फरक पडतो. बारदाना धान्याचा घ्या. खताचा किंवा बियाण्याचा रिकामा पोता कितीही धुतला तरी घेऊ नका, बियाण्याला औषध चोळलेलं असतं.

कूलरच्या टाकीत वाळ्याचं अत्तर, फिनाइल, डासांचं औषध काही टाकायचं नाही. पाणी शिळं होऊ द्यायचं नाही. गवताच्या ताट्या काळ्या पडून वास मारायला लागल्या असतील तर बदला, त्या बुरशीतून आलेली हवा तो रात्रभर ओढणार आहे.

खोली कोणती, हा प्रश्न कूलरइतकाच मोठा आहे. हौसेनं बहुतेक जण नव्या स्लॅबच्या घरातली, टाइल्स लावलेली, दर्शनी खोली देतात. वरचा मजला असेल किंवा टिनाचं छप्पर असेल तर ती खोली मनातून काढूनच टाका. तुमच्याकडे जुनं कवेलूचं, मातीच्या भिंतींचं माजघर शिल्लक असेल, ज्यात आता कुटार आणि जुनी खाट पडलेली असते, तर तीच जागा. जाड मातीची भिंत दुपारी तापत नाही आणि रात्री उष्णता ओकत नाही. तिथे उंदीर असतात हे खरं, त्यामुळे जाळी कापडी नको, लोखंडी बारीक जाळी हवी. झोपलेल्या शॅमेलिऑनला उंदीर कुरतडतात.

सलाइनची नळी

वाटीतलं पाणी शॅमेलिऑन पीत नाही. त्याला साचलेलं पाणी पाणी म्हणून दिसतच नाही, हलता थेंब दिसतो. वाटी ठेवून "पीतच नाही" म्हणणाऱ्यांसाठी मेडिकलमध्ये मिळणारा सलाइन सेट हा उत्तम उपाय आहे. नवीन, पाकीटबंद घ्या. दवाखान्यातला वापरलेला उचलून आणू नका. सुई काढून टाका. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून नळीचं टोक घट्ट बसवा, बाटली उलटी करून पिंजऱ्याच्या वर टांगा, बुडाला हवेसाठी बारीक भोक पाडा. चाक फिरवून सेकंदा-दोन सेकंदांना एक थेंब पडेल असं लावा. थेंब आधी वरच्या पानावर, तिथून ओघळून खालच्या पानावर, आणि शेवटी तळाच्या डब्यात. पान हललं की त्याचा डोळा तिकडे वळतो, मग तो सावकाश पुढे सरकतो, जबडा टेकवतो, मान वर करून गिळतो.

तुम्ही समोर उभे राहिलात तर यातलं काहीच करत नाही. नळी चालू करा आणि अर्धा तास खोलीतून निघून जा. सकाळी दिवे लागल्यावर एकदा, चारच्या सुमाराला एकदा.

पानं जास्वंदीची चांगली. वेल्ड ती पानं आणि फुलंही खातो, त्यातूनही पाणी मिळतं. मनी प्लांट चालतो. नर्सरीतून आणलेलं झाड पाण्यानं पुन्हा पुन्हा धुऊन काही आठवडे बाहेर ठेवल्याशिवाय आत घालू नका. कण्हेर, रुई, धोतरा ही अंगणातली झाडं जवळही नकोत.

पाणी कोणतं? अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी देऊ नका, पिण्याच्या कॅनचं द्या. ओळखायची खूण सोपी आहे, पानांवर पांढरे डाग उरले आणि नळी वारंवार तुंबली तर पाणी खारं आहे. दुसरं म्हणजे छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. ते नळी लावण्याआधी मनगटावर घेऊन बघा. माठातलंही थेट नको, खोलीच्या तापमानाचं हवं.

फवारणी रात्री. दिवे बंद झाल्यावर एकदा दोन-तीन मिनिटं, पहाटे उजाडायच्या आधी पुन्हा एकदा, बारीक धुक्यासारखी. दुपारपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. फवारणीची बाटली नवीन आणायची. शेतातला पंप, त्याचं नोझल, त्याची नळी, ज्यात कधीकाळी औषध भरलं होतं असं काहीही नाही. तीन पाण्यांनी धुतलं, सर्फनं धुतलं, तरी नाही. २०१७ मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना धडधाकट माणसं विषबाधेनं गेली. हा तर मूठभर जीव.

आणि पिचकारीनं तोंडात पाणी मारणं थांबवा. पाणी श्वासनळीत गेलं तर न्यूमोनिया होतो. घमेल्यात पाणी घेऊन त्यात बसवण्याचा प्रकारही कुठून तरी शिकून लोक करतात. तो झाडावरचा प्राणी आहे, घाबरून काळा होतो, पाणी काही पीत नाही.

रात्र सुधारली, तरीही डोळे मिटतोय

रात्रीचे आकडे आठवडाभर बरे आले आणि युरेटही पांढरा झाला, तरी दिवसा डोळे मिटत असतील तर इतर कारणं शोधायची.

पहिला संशय ऊन खाण्याच्या बल्बवर. या प्राण्याला एका फांदीवर २९ ते ३२ अंश आणि बाकी पिंजऱ्यात त्याहून कमी हवं असतं, म्हणजे त्याला हवं तेव्हा तापता यावं आणि हवं तेव्हा सरकता यावं. डिसेंबरात लावलेला बल्ब मे महिन्यात तसाच चालू राहिला तर सरकायला जागाच उरत नाही. खोलीच ३२ झाली असेल तर तो बल्ब बंद. तोंड वासून, अंग फिकं करून, बल्बपासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात बसला असेल तर त्याला ऊन झालंय. सावलीतही ३५ च्या वर बराच वेळ राहिलं तर जिवाशी खेळ आहे.

पण बल्ब बंद करताना लोक सगळीच लाइट बंद करतात, आणि इथून दुसरा रोग सुरू होतो. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी ट्यूब बंद करायची नाही. ती फारशी तापत नाही आणि तिच्याशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम खाऊनही हाडात जात नाही. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ किड्यापर्यंत पोचत नाही. ट्यूब उजेड देत राहते पण तिचा यूव्हीबी आधीच उतरतो, त्यामुळे सहा महिने ते वर्षभरात बदलायची. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन मोजू नका, काच यूव्हीबी अडवते. उलट एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहा ते आठ पिंजरा कडुनिंबाखाली कवडशांत ठेवला तर फुकटचं उत्तम ऊन मिळतं. मात्र कोणीतरी राखण बसायला हवं. कावळा जाळीला चोच मारतो, मांजर पिंजरा पाडते, आणि ऊन सरकलं की पिंजऱ्याची भट्टी होते.

कॅल्शियमची पावडर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचीच, फॉस्फरस नसलेली, प्रत्येक वेळी किड्यांवर हलकी भुरभुरवायची. डी-३ आणि जीवनसत्त्वांची पावडर महिन्यातून दोनदा पुरे. गाईचं मिनरल मिक्श्चर नको. खायचा चुना तर मुळीच नको, तोंड भाजतं. हे मुद्दाम लिहावं लागतंय, कारण "चुन्यात कॅल्शियमच असते ना?" हा प्रश्न येतोच.

मादी असेल तर गणित बदलतं. तिला नराशिवायही अंडी होतात, अगदी वर्षाच्या आत. पोट फुगलंय, खाणं थांबलंय, तळाशी उतरून कोपरे उकरतेय, अशी लक्षणं दिसली तर पाण्याच्या मागे लागू नका, तिला जागा द्या. बादलीत किंवा खोल कुंडीत धुतलेली नदीची रेती, मूठ वळेल इतकी ओली, किमान एक फूट खोल. त्यावर झाडाच्या फांद्या, पिंजऱ्याला चादर, आणि घरातल्या पोरांना ताकीद. कोणी डोकावलं तर ती उकरलेलं बीळ सोडून देते. उकरून थकली, अंडी टाकली नाहीत आणि दिवसा डोळे मिटायला लागली तर अंडी अडकली आहेत. तिथे घरगुती इलाज नाही, त्याच दिवशी डॉक्टर. मादीला भरमसाट खाऊ घातलं की अंडीही भरमसाट होतात. मोठ्या मादीला एक दिवसाआड चार-पाच किडे खूप झाले.

खाऊ कुठून

"किडे तर वावरात ढिगानं आहेत" हे विदर्भात पटकन सुचतं, आणि तेच सर्वांत धोक्याचं आहे. पऱ्हाटीतला, सोयाबीनमधला नाकतोडा औषध खाऊन बसलेला असतो. तुम्ही फवारलं नसलं तरी शेजाऱ्यानं फवारलेलं असतं आणि नाकतोडा धुरा बघून उडत नाही. घरातली झुरळंही नकोत, त्यांना कोणीतरी स्प्रे मारलेला असतो. काजवे आणि पिकावरचे हिंगे भुंगे विषारी आहेत, ते देऊच नका. रातकिडे डब्यात स्वतः वाढवा, त्यांना गाजर-भोपळा खाऊ घाला.

आपल्याकडे एक खाऊ असा आहे की पुण्या-मुंबईचे पाळणारे तो ऑनलाइन मागवतात आणि तो तुमच्या शेजारच्या गावात ट्रे भरभरून असतो : रेशीम अळी. वर्धा, अमरावती, यवतमाळ भागात तुतीवर रेशीम करणारे शेतकरी आहेत. अळी मऊ, पाण्यानं भरलेली, पचायला हलकी. कोरडा पडलेला शॅमेलिऑन इतर काही खात नसला तरी हिरव्या फांदीवर हळू सरकणारी पांढरी अळी बघून जीभ टाकतो. शेड असलेल्या दादांना विचारलं तर मूठभर अळ्या कोणी नाही म्हणत नाही. फक्त दोन गोष्टी विचारून घ्या. तुतीवर काही फवारलंय का, आणि अळ्यांच्या बेडवर निर्जंतुकीची पावडर कधी टाकली. पावडर टाकलेल्या असतील तर त्या घेऊ नका. मिळालेल्या अळ्या तुतीच्या स्वच्छ पानांवर दोन-तीन दिवस ठेवून मग द्या. अळीचा आकार प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढा जाड, त्याहून मोठा नको.

लाइन गेली तर

गावात लाइन जाणारच. वादळ आलं, फांदी पडली की रात्रभर पत्ता नसतो. बल्ब बंद राहिल्यानं उन्हाळ्यात काहीच बिघडत नाही, कूलर बंद पडला की बिघडतं. त्यासाठी ओला बारदाना तयार ठेवा, पिंजरा उचलून फरशीजवळच्या गार भागात किंवा माजघरात न्या, खिडक्या उघडा, पहाटेची फवारणी दुप्पट करा. छोट्या पंख्यापुरता इन्व्हर्टर असेल तर पंखा बारदान्याच्या मागून लावा. बर्फाचे खडे थेट पिंजऱ्यात टाकू नका.

मृग बरसला की हा सगळा प्रकार उलटा होतो. हवाच ओली, तेव्हा बारदाना काढा, झाकलेल्या बाजू उघडा, फवारणी एकदाच. जुलै-ऑगस्टमध्येही मे महिन्यासारखं फवारत राहणाऱ्यांचे प्राणी तोंड वर करून, नाकाशी बुडबुडे आणत बसलेले बघितलेत. श्वासाला टिकटिक आवाज, तोंडात चिकट तार दिसली तर छाती भरली समजा. हिवाळ्याची काळजी लोक फार करतात, पण त्याला रात्रीची थंडी सोसते, दिवसा तापायला मिळालं की झालं. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ वर उतरलं तशी रात्र असेल तरच खोली बंद करून गरम ठेवा.

डॉक्टरकडे कधी

डोळे खोल गेलेत, युरेट केशरी आहे, पण प्राणी फांदी घट्ट धरून आहे आणि जीभ टाकतोय, तर रात्र सुधारून चार-पाच दिवस बघायला हरकत नाही. पकड सुटतेय, तळाशी पडून राहतोय, दोन्ही डोळे दिवसभर मिटलेले आहेत, किंवा सूज आहे, तर थांबू नका. गावातल्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर भला माणूस असतो, पण त्याला गाई-बकऱ्यांची सवय. आणि गावोगाव फिरून इंजेक्शन देणाऱ्याला तर हात लावू देऊ नका. शे-दीडशे ग्रॅमच्या प्राण्याला थेंबाचा हिशेब चुकला तरी पुरतं. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे किंवा विदेशी प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे आधी फोन करून वेळ घ्या.

नेताना पहाटे निघा. भोकं पाडलेल्या खोक्यात आडवी काठी बसवा, तळाला ओला कपडा घाला आणि वरून झाका, म्हणजे अंधारात तो शांत राहतो. मोटरसायकलच्या डिकीत नको, एसटीत मांडीवर घ्या. सोबत तुमची ती आकड्यांची वही, ट्यूब कधी बदलली ती तारीख, काय-काय खाऊ घालता त्याची यादी, आणि ताजी शी पॉलिथिनमध्ये. कृमी बघायला ती लागतेच, आणि तिथे पोचल्यावर प्राणी ऐनवेळी कधीच देत नाही.